एकशे पाचचा चौकोन

दीड सेकंद टिकणाऱ्या मूलद्रव्यापायी कुणी नोकरी पणाला लावेल, हे तिसगावात सांगून पटायचं नाही. आमच्या रत्नपारखी सरांनी लावली. ते शाळेत विज्ञान शिकवायचे, मी मराठी.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. शास्त्रज्ञांनी एकशे पाचवं मूलद्रव्य घडवलं, असं सरांनी नगरहून आलेल्या मासिकात वाचलं. शाळेतला मूलद्रव्यांचा छापील तक्ता एकशे तीनवर संपत होता. सरांनी वहीचं पान कापून एकशे चार आणि एकशे पाचचे दोन चौकोन खळीनं डकवले. एकशे पाचचा कोराच ठेवला, कारण नावावरून अमेरिका-रशियाची भांडणं चालली होती.

"भांडू द्या. आला तो आला," सर म्हणाले. हे त्यांचं पालुपद. उशिरा येणाऱ्या पोरालाही हेच ऐकवून वर्गात घ्यायचे.

"कारखान्याएवढं यंत्र, महिनोन्‌महिने खटपट," ते वर्गात सांगत, "आणि हाती काय, तर मोजके अणू. 'या, बसा' म्हणेपर्यंत त्यातले निम्मे पसार. पण या पृथ्वीवर ते मूलद्रव्य आधी कुणी पाहिलं नव्हतं." पोरं हसायची. मागच्या बाकावर बसून मी ऐकलं, तेव्हा खरं सांगतो, अंगावर काटा आला.

मग तपासणी आली. पुस्तकात नाही ते भिंतीवर नको, असा साहेबांनी शेरा मारला. मुख्याध्यापक म्हणाले, "रत्नपारखी, माफी लिहून द्या आन् तो कागद काढा. न्हाईतर कायम व्हायचं इसरा." सर ढिम्म.

शेवटी मीच माफीपत्र लिहून त्यांच्या खोलीवर गेलो. सर स्टोव्हवर चहा ठेवत होते.

"सही करा," मी वैतागून म्हणालो. "बायको-पोरं नाहीत, म्हणून सुचतात हे चोचले." आम्ही सगळे त्यांना ब्रह्मचारीच समजत होतो. मी तर दोन स्थळंही सुचवली होती.

"लग्न झालंय माझं," सर म्हणाले. "सतरा दिवस होती ती. तापानं गेली. घरचे म्हणाले, हे काही लग्न धरायचं नाही. तेव्हापासून घरात तिचा विषय निघत नाही."

"नाव काय त्यांचं?" मी विचारलं.

सर माझ्याकडे बघतच राहिले. बारा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, म्हणाले. मग चहा उतू गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"सुमन," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना सांगून टाकलं, तो कागद भिंतीवरच राहील, हवं तर माझ्याही नावापुढे शेरा मारा.