गोठणकरकाकांनी निवडलेली माझी गाडी

आमच्या सोसायटीतले गोठणकरकाका गाड्यांच्या शोरूममध्ये शिरले की आधी चपला काढतात, मग गाडीच्या मागच्या सीटवर सरळ आडवे होतात, पाय लांब करतात आणि सेल्समनवर ओरडतात, "आता दार लाव! लाव म्हणतो ना! बघू तरी तुझा कम्फर्ट."

दार लागत नाही. काकांची उंची सहा फूट आहे. मग ते पडल्या पडल्याच भांडतात.

हे मी तीन शोरूममध्ये शेजारी उभं राहून पाहिलंय आणि तिन्ही वेळा तिथून पळून जावंसं वाटलंय. तेव्हा आधीच सांगून टाकते, मला या माणसाचा राग आहे. पुढे मी काहीही सांगितलं तरी तो गेला असं समजू नका.

खांदा कॉलनीत आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर काका एकटे राहतात. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, तेही अशा रागानं, की विचारणाऱ्यामुळेच राहून गेलं असावं. तळोज्याच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं माल तपासणीच्या खात्यात होते. सदोष माल परत पाठवायचा, हे काम. निवृत्त झाल्यावर माल यायचा बंद झाला, तेव्हा समोर येईल ते परत पाठवायला लागले. भाजीवाल्याचा दुधी. सोसायटीचं इतिवृत्त. गणपतीत वाटलेलं आरत्यांचं पुस्तक.

"छापलंय म्हणजे खोटं असणार," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तिसऱ्या मजल्यावरच्या देसाईंनी मुलीच्या लग्नाची पत्रिका हातात दिली, तर काका मुहूर्त बघून म्हणाले, "छापलंय म्हणजे खोटं. साडेबाराच्या आत लागत नाही हे." लग्न लागलं पावणेएकला. काका हॉलच्या दारात मनगटावरचं घड्याळ वर करून उभे होते. देसाई अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

काकांकडे स्वतःची गाडी नाही. डोळ्यात काचबिंदू निघाल्यावर डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, तेव्हा लायसन्सही गेलं. तरी हायब्रिड गाड्यांबद्दल त्यांना जेवढं माहीत आहे तेवढं विकणाऱ्यांनाही नसेल. आणि माझी चूक एवढीच, की गेटपाशी मी त्यांना म्हणाले, "काका, हायब्रिड घ्यायचा विचार चाललाय."

माझे यजमान जहाजावर असतात. सहा महिने घरी, सहा महिने समुद्रावर. मी बेलापूरला बँकेत आहे. रोजचा रस्ता म्हणजे थांबा, सरका, परत थांबा. अशा ठिकाणी हायब्रिड बॅटरीवर चालते, पेट्रोल वाचतं आणि चार्जिंगला लावायची भानगड नाही. आमच्या सोसायटीत चार्जिंग पॉइंटचा ठराव तीन वर्षं 'पुढील सभेत' आहे, त्यामुळे विजेवरची गाडी बादच होती.

"एकटी जाऊ नकोस. फसवतील," काका म्हणाले. पुढच्या शनिवारी सकाळी नऊला ते मापाची टेप घेऊन माझ्या दारात हजर.

पहिली गाडी सेडान होती. सेल्समननं हसून काकांकडे पाहिलं. "सर, मॅडमना कलर दाखवू?"

"मॅडमना विचार!" काका कडाडले. "पैसे ती देणार आहे. मी इथे झोपायला आलोय." आणि झोपले.

मी पुढे बसून गाडी चालवली आणि प्रेमातच पडले. आवाज नाही, गचका नाही. कधी बॅटरीवर असते, कधी इंजिन सुरू होतं, कळतसुद्धा नाही. मऊ सीट, नीटस डॅशबोर्ड, पाहिलेल्या तिन्ही गाड्यांमध्ये सगळ्यात चांगला ॲव्हरेज. किंमतही आवाक्यातली.

"पाट आहे हा, पाट!" मागून आवाज आला. "जेवायला बसायला ठीक. एवढ्या खालून माणूस उठणार कसा?"

"मी उठते की, काका."

"तू उठशील! तुझं काय!"

दुसरी उंच, चौकोनी. तिचं नाव त्यांनी कपाट ठेवलं. तिचं मागचं दार त्यांनी इतक्यांदा उघडलं-मिटलं, की मॅनेजर केबिनमधून बाहेर आला. मग चाचणीला निघालो. काका मागे डोळे मिटून, गुडघे मुडपून आडवे. कळंबोलीच्या बाजूचा जितका खराब रस्ता सापडेल तितका त्यांनी मला घ्यायला लावला. "परत! त्याच खड्ड्यातून परत!" सेल्समन माझ्या शेजारी सीटबेल्ट घट्ट धरून बसला होता. मला ती गाडी मुळीच आवडली नाही. चढावर इंजिन घुरघुरायचं, डॅशबोर्डचं प्लास्टिक स्वस्तातल्या डब्यासारखं, बॅटरीमुळे डिकी लहान आणि वर सेडानपेक्षा महाग.

"धक्का कमी बसतो," काका उठून बसत म्हणाले. एवढंच. ओरडले नाहीत. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

तिसरीत मधल्या रांगेला दोन सुट्या खुर्च्या होत्या. किंमत ऐकूनच मी परत फिरले, पण काका भांडल्याशिवाय थोडेच निघणार? "मधे फट कशाला? दोन माणसांच्या मधे फट ठेवायचे जास्तीचे पैसे घेता? लाज वाटत नाही?"

त्यानंतर तीन आठवडे माझा छळ झाला. रोज सकाळी दाराखालून रेघा मारलेला कागद सरकायचा. किंमत, कामगिरी, आतली बैठक असे तीन रकाने. किमतीच्या रकान्यात एक ओळ, कामगिरीच्या दोन, आणि बैठकीच्या सतरा! दाराची रुंदी, सीटची जमिनीपासून उंची, पुढच्या सीटपर्यंतचं अंतर, सनरूफमुळे डोक्याशी कमी झालेली जागा. सतराच्या सतरा ओळी मागच्या सीटबद्दल. "काका, मी पुढे बसणार आहे," असं मी कितीदा सांगितलं. "गाडी काय एकटीसाठी घेतेस?" असं म्हणून ते मलाच खजील करायचे. सेडान घेते म्हटलं की बिल्डिंगखाली उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पाट घेतेय, पाट!"

शेवटी व्हिडिओ कॉलवर यजमान म्हणाले, "घे बाई ते कपाट. नाहीतर मी परत येईन तेव्हाही काका आपल्या घरातच असतील."

घेतलं. माझ्या पगारातून, माझ्या नावावर, मला न आवडलेली गाडी. पार्किंगमध्ये खांबाला घासता घासता वाचवताना रोज मी गोठणकरकाकांचा उद्धार करायचे.

गाडी येऊन दोन आठवडे झाले असतील. रविवारी सकाळी बेल वाजली. काका इस्त्रीचा शर्ट घालून उभे. काखेत जाड निळी उशी, हातात गुळगुळीत घासलेली फळी.

"मला ओव्याला सोड. मित्र आहे माझा."

विनंतीसुद्धा हुकमासारखी. मी चिडत चिडत किल्ली उचलली.

ओवे गावात एका बसक्या घरासमोर त्यांनी थांबायला सांगितलं. ओसरीवर साठी उलटलेला एक माणूस बसला होता. उजवा पाय समोरच्या स्टुलावर ताठ. "हा बाळाराम," काका म्हणाले. "कारखान्यात फिटर होता. घराच्या पत्र्यावर ताडपत्री बांधायला चढला आणि पडला. मूर्ख! मांडीत सळई आहे. गुडघा वाकत नाही."

"ये ताई," बाळाराम हसले. "ह्याच्या तोंडाला लागू नको. मी तीस वरसां ऐकतो हाय."

मी काही विचारायच्या आत बाळारामांची सून आणि काका, दोघांनी मिळून त्यांना फळीवरून मागच्या सीटवर सरकवलं. पाठ दाराशी, पाय सीटवर लांब. सीट फळीच्या बरोबर उंचीला होती. मग काकांनी ती निळी उशी सीटच्या आणि पुढच्या सीटच्या मधल्या जागेत बसवली. एक बोट इकडे नाही, एक बोट तिकडे नाही. पाय घसरायला जागाच उरली नाही.

मी ती उशी बघत राहिले.

"काका, ही कधी शिवून घेतलीत?"

ते बाहीनं फळी पुसायला लागले.

"कधी शिवलीत?"

"मे महिन्यात."

गाडी मी बुक केली होती जूनमध्ये.

माझं डोकं फिरलं. "म्हणजे तुम्ही माझी गाडी तुमच्या मित्राच्या मापानं घेतलीत? मला चारचौघांत पाट पाट म्हणून हिणवलंत ते यासाठी? सरळ विचारता येत नव्हतं?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस," काकाही चढ्या आवाजात म्हणाले. "कीव येऊन! एकदा नेलं असतंस, दुसऱ्यांदा काम निघालं असतं. तुझ्या त्या सेडानमध्ये हा शिरलाच नसता. रिक्षात याचा पाय मावत नाही. बसमध्ये चढता येत नाही. उरणच्या मोरा बंदरावर समुद्र बघायला काय ॲम्ब्युलन्स बोलावू? पाच वर्षं हा या ओसरीवर बसून आहे, पाच वर्षं! सुट्टीच्या दिवशी याच्या स्कूटरवर मागे बसून मी मोऱ्याला जायचो. हा चालवायचा. मला स्कूटर तेव्हाही येत नव्हती धड."

"फसवलंत तुम्ही मला."

"हो, फसवलं."

तेवढ्यात बाळारामांचा चेहरा उतरला. "गोठणकर, तू ताईला इचारला नाय? मना बोललास, तिनं बोलावला हाय म्हनून." त्यांनी दाराची कड धरली. "उतरव मना. मी नाय येत."

"गप बस, बाळाराम."

"उतरव म्हनतो ना!"

काका उलटून ओरडले नाहीत. फळी हातात घेऊन उभे राहिले, नजर जमिनीवर. सून माझ्याकडे बघत होती. मला त्या क्षणी आत बसलेल्या माणसाची दया आली असं नाही. मला भयंकर राग आला होता, आणि तो कुठे ठेवावा ते समजत नव्हतं.

"दार लावा," मी म्हणाले. "मोऱ्याला ओहोटीच्या आत पोचायला हवं ना? चिखल बघायला नाही येणार मी."

काका मागेच बसले, उरलेल्या वीतभर जागेत, तिरके, अंग चोरून. सीटच्या मापांबद्दल सतरा ओळी लिहिणारा माणूस अर्ध्या सीटवरही नव्हता.

मोऱ्याच्या जेट्टीपाशी गाडी समुद्राकडे तोंड करून लावली. भाऊच्या धक्क्याची लाँच नुकतीच लागली होती. माणसं उतरत होती, टोपल्या उतरत होत्या. मी चारी काचा खाली केल्या. सुक्या मासळीचा वास आत शिरला आणि बाळारामांनी डोळे मिटून तो छातीभर ओढला. "लाँच अजून तशीच लागते," ते म्हणाले. "वाकडी."

"लाँच चालवणाऱ्याला अक्कल नाही," काका म्हणाले.

"तवा पन नव्हती."

दोघं हसले. काकांना हसताना मी आठ वर्षांत पाहिलं नव्हतं. आधी वाटलं, ठसका लागला. तासभर ते असेच बोलत होते, प्रत्येक होडीला, प्रत्येक खलाशाला नावं ठेवत. मी बाहेर जाऊन बोंबील विकत घेतले आणि जास्त भाव लावला म्हणून मासेवालीशी भांडले. तेवढंच जरा बरं वाटलं.

परतताना उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग होती. बाळाराम झोपले होते. मागच्या ट्रेलरनं कर्कश हॉर्न दिला, मी उत्तर द्यायला हात उचलला, तोच काका पुढे वाकले. माझ्या कानाशी, इतक्या हळू की आधी ओळखूच आलं नाही, म्हणाले, "नको ना, वैशाली. झोपलाय तो."

मी हात खाली घेतला. तीसच्या वेगानं, रस्त्याच्या कडेनं चालवत राहिले. ट्रेलरवाले शेजारून जाताना शिव्या घालत होते. मी आरशात पाहिलं. उशी जागेवर होती, तरीही गोठणकरकाकांनी बाळारामांची टाच दोन्ही हातांच्या ओंजळीत धरली होती, सीटपासून बोटभर वर, खड्डा आला तर तो आधी त्यांच्या हातांना लागावा म्हणून. ओवे येईपर्यंत त्यांनी हात काढले नाहीत.