अप्पा वकील आणि न लागलेला निकाल

आमचे शेजारी मन्मथअप्पा वकील स्वतःच्या बायकोलाही दोन महिन्यांची नोटीस देतात. सरकारी खात्यावर दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, असा कायदा आहे. अप्पांनी तो घरालाही लावून घेतला. आठवड्यातून चारदा पिठलं होतं म्हणून एकदा त्यांनी काकूंना रीतसर टाइप केलेली नोटीस दिली. काकूंनी कागद पालथा करून मागे लिहिलं, 'नोटीस मिळाली. आज पण पिठलंच हाय.' अप्पांनी ते उत्तर फाइलला लावलं आणि निमूटपणे पिठलं खाल्लं.

"उत्तर लेखी आलं ना? बस्स," ते मला म्हणाले. "गोष्ट रेकॉर्डवर आली पाहिजे, गुरुजी."

मी इथल्या शाळेत भूगोल शिकवतो आणि अप्पांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. एवढ्याच गुन्ह्यासाठी गावाच्या कितीतरी गाऱ्हाण्यांत मी अर्जदार नंबर दोन आहे. विचारण्याची पद्धत नाही. सकाळी दूध आणायला निघालो की कुंपणावरून कागद पुढे येतो.

"इथं सही करा. तुम्ही नाल्याबद्दल लई चिडलेले हायत."

"मी? कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून."

मग मी चिडतो आणि सही करतो. दुसरा इलाज नसतो.

आमचं तालुक्याचं गाव नांदेडहून बसनं दीड तासावर. इथे प्रसिद्धी मिळवणं सोपं नाही. तरी कोर्टासमोरच्या हॉटेलात अप्पांची पत्रकार परिषद भरते. एक बातमीदार नक्की येतो, भजी असतील तर दुसराही येतो. बातमी अप्पांनी घरूनच लिहून आणलेली असते. 'संतप्त झालेले ज्येष्ठ विधिज्ञ म्हणाले की' अशी तिची सुरुवात.

"अप्पा, संतप्त कसं लिहू?" बातमीदारानं एकदा विचारलं. "फोटोत तर तुम्ही हसून राहिलेत."

"फोटोला हसावंच लागतंय. राग मजकुरात घ्या."

पालिकेच्या दारावरचं घड्याळ कैक वर्षं सव्वाअकरावर थांबलं होतं. अप्पांनी नोटीस दिली. मग काळा कोट घालून त्या घड्याळाखाली खुर्ची टाकून बसले, आणि कामाला आलेल्या प्रत्येकाला सांगू लागले, "बसा निवांत, अजून सव्वाअकराच झालेत." फोटो छापून आला. नोटिशीची मुदत संपायला दोन दिवस असताना अप्पा उतरल्या तोंडानं माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"घड्याळ चालू केलं हो त्यांनी!"

"मग चांगलं झालं की."

"चांगलं काय? दावा गेला ना माझा!"

हेच अप्पांचं दुखणं. त्यांच्या नोटिशींनी दिवे लागले, नाला झाकला गेला, शाळेसमोर गतिरोधक आला. पण काम मुदतीतच होऊन जायचं आणि कोर्टात न्यायला काही उरायचं नाही. आयुष्यभर लोकांसाठी भांडलेल्या माणसाच्या नावावर लोकहिताचा एकही निकाल नव्हता. "एकच पाहिजे, गुरुजी," ते म्हणायचे. "न्यायाधीश साहेबांनी वाचून दाखवलेला. खाली सही, शिक्का. पुढं कुणाला पाहिजे असलं तर काढून बघता यावं, की हितं एक असा वकील होऊन गेला." हे म्हणताना ते गंमत करत नसत. त्यांना मूलबाळ नाही. मी उगाच विषय बदलायचो.

आणि मग त्यांना बसस्थानकाशेजारचं बायकांचं स्वच्छतागृह सापडलं. फरशी बसवलेली, नळाला पाणी, सगळं तयार. फक्त दाराला कुलूप. कारण उद्घाटन झालं नव्हतं. असल्या इमारतीवर आपल्या नावाची पाटी लावून घ्यायला एकही पुढारी राजी होत नव्हता, आणि उद्घाटनाशिवाय कुलूप काढायला पालिका राजी नव्हती. अप्पांनी नोटीस दिली. दोन महिने उलटले, तरी कुलूप तसंच. अप्पांना इतक्या खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

दावा दाखल झाला. मी अर्थातच वादी नंबर दोन. दर बाजाराच्या दिवशी अप्पा त्या दाराला लाल फीत बांधत आणि तबकात कात्री घेऊन उभे राहत. येणाऱ्याजाणाऱ्याला अदबीनं म्हणत, "या, उद्घाटक व्हा. कुणीबी चालंल." पार लातूरच्या अंकात फोटो आला. साक्षी झाल्या, युक्तिवाद झाले, आणि दावा निकालावर ठेवला गेला. सोमवार ठरला. अप्पांनी कोट धुवायला टाकला, बातमी लिहून ठेवली.

शुक्रवारी दुपारी मी त्यांच्याजवळ कोर्टाच्या बाररूममध्ये बसलो होतो. पालिकेचे वकील आले.

"अप्पा, निकाल तुमच्या बाजूनं लागणार, हे आमाला दिसून राहिलंय. पण मग आमाला नांदेडला अपील करावं लागंल. वरच्यांच्या इज्जतीचा सवाल हाय. तवर कुलूप हालणार न्हाई. तुम्ही दावा काढून घ्या, आमी गुपचूप उघडतो."

आता आभाळ कोसळणार म्हणून मी खुर्ची मागे सरकवली. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कधी उघडता?"

"आज म्हणाल तर आज."

"आधी कुलूप काढा. मग लिहून देतो."

तासाभरात कुलूप निघालं. अप्पा स्वतः जाऊन बघून आले, आणि दावा काढून घेत असल्याच्या चार ओळी त्यांनी हातानंच लिहिल्या. सही केली. मग कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, "गुरुजी, चालंल ना तुमाला?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं होतं. मी न वाचताच खाली सही केली. बातमीदाराचा फोन आला तर म्हणाले, "बातमी काय न्हाई." मी घरी येऊन बायकोला सांगितलं, अप्पांची तब्येत बरी दिसत नाही.

आठ-दहा दिवसांनी मी नांदेडला निघालो, तर स्थानकावर अप्पा आणि काकू. काकूंच्या माहेरी उदगीरला जायचं होतं. अप्पा पाण्याची बाटली काकूंच्या पुढे धरून बसले होते.

"बघा की गुरुजी," काकू म्हणाल्या, "तिसऱ्यांदा पाजून राहिलेत. म्हशीला तरी इतका आग्रह करत न्हाईत." तरी त्या प्यायल्या, आणि उठून पलीकडे गेल्या. त्या उघड्या दाराकडे.

अप्पा खाली बघत म्हणाले, "आपली साक्षीदार नव्हती का, भाजीवाली? बस धरायची असली की पाण्याचा घोट घेत न्हाई, म्हणाली. मी घरी येऊन हिला सांगितलं, केवढा पुरावा मिळाला म्हणून. तर ही म्हणती, त्यात काय नवं? मी पण न्हाई पीत. उदगीरला जायचं म्हणलं की आदल्या दिवसापासून बंद." त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "तेहतीस वर्षं हिच्या शेजारी बसून गेलो. मला वाटायचं, माहेराच्या ओढीनं हिला तहान लागत न्हाई."

तेवढ्यात उदगीरची बस लागली. माणसं चढली, कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. अप्पा धावत जाऊन दाराच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे राहिले.

"थांबा. आमची मंडळी येऊन राहिली."

"किती वेळ, वकीलसाहेब?"

सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात अप्पा म्हणाले, "तिला लागंल तितका."