मास्तरांच्या पाठीची चुणी

मास्तरांचा दावा होता की माणसाच्या अंगात असा एकही दोष नाही, जो चांगल्या शिंप्याला झाकता येत नाही. आणि दावा पोकळ नव्हता! उतरलेले खांदे, पोक आलेल्या पाठी, लहानमोठे हात, सगळं त्यांनी चाळीस वर्षं कापडाखाली बेमालूम लपवलं होतं. एका बँक मॅनेजरचं पोट तर त्यांनी इतक्या सफाईनं गायब केलं की नवरा वाळला म्हणून त्याच्या बायकोनं त्याचं खाणं वाढवलं, आणि पुढच्या कोटाला कापड कमी पडलं.

त्यामुळे स्वतःच्या पाठीवरची गाठ फुगायला लागली तेव्हा मास्तर डॉक्टरकडे गेले नाहीत. त्यांनी शर्टाचा बेत बदलला. दोन खांद्यांच्या मधोमध एक रुंद चुणी घातली, म्हणजे आत गाठ ऐसपैस बसेल.

"हे काय नवीन?" लेकीनं विचारलं. आई गेल्यापासून, म्हणजे गेले आठ महिने, ती बाबांजवळच राहत होती. दिवसभर शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी दुकानात बसून काजं-बटणं करायची.

"वारं खेळतं," मास्तर म्हणाले.

समोरच्या चष्मेवाल्यानं ते ऐकलं. "मग मलाही खेळवा की!" मास्तरांना नाही म्हणता येईना. त्याचं बघून घड्याळजीनं तसाच शर्ट शिवून घेतला, मग पोस्टमननं. महिन्याभरात त्या गल्लीतले सात धडधाकट पुरुष पाठीवर गाठीची जागा राखून हिंडू लागले!

लेकीला संशय आला तो धुण्यात. बाबांच्या तीन शर्टांना एकाच ठिकाणी पिवळट डाग होता.

"मशीनचं तेल असेल."

"पाठीवर?"

"उडतं कधीकधी."

तेल उडून पाठीमागे जायला मशीनला बरीच मेहनत घ्यावी लागली असती. तिनं वाद घातला नाही. इस्त्रीचे कपडे उचलायच्या निमित्तानं ती त्यांच्या मागून गेली आणि चुणीवर हात ठेवला. आत लिंबाएवढं काहीतरी टणक आणि गरम लागलं. मास्तर असे उडाले की हातातली कात्री थेट टेबलाखाली!

"बाबा, हे काय आहे?"

"काही नाही गं. जुनी गाठ आहे. तुझ्या आईला माहीत होती."

'काही नाही, जुनी आहे,' हे शब्द त्या घरात आधी एकदा बोलले गेले होते. तेव्हा आई बोलली होती. आणि ते खरं मानून लेकीनं चहाला आधण ठेवलं होतं. या खेपेला तिनं चहा केला नाही. दवाखान्याची वेळ घेतली.

"पण आत मी एकटाच जाणार," मास्तर म्हणाले. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

ती बाहेरच्या बाकावर बसली. भिंतीवरच्या फळ्यावर रोग्यांसाठी बारा सूचना होत्या. त्या तिच्या चार वेळा वाचून झाल्या. वीस मिनिटांनी मास्तर प्रसन्न चेहऱ्यानं बाहेर आले. हातावर डॉक्टरीणबाईंचा पांढरा कोट!

"झालं!"

"काय झालं? काय म्हणाल्या?"

"त्या बिचाऱ्या काय म्हणणार! डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. तयार कोट बसायचा कसा?"

"बाबा, पाठ दाखवलीत का?"

"मी माप घेत होतो. पाठ त्यांची माझ्याकडे होती."

झालं होतं असं, की नर्सनं आत जाऊन 'शिंपी मास्तर आलेत' एवढंच सांगितलं आणि डॉक्टरीणबाईंना वाटलं, हे कपड्यांचं काम मागायला आलेत. मास्तरांनी तो गैरसमज अगदी जपून तसाच राहू दिला.

तीन दिवसांनी बाईंच्या अंगावर कोट घालून बघायला जायचं होतं. आता लेकही आत शिरली. मास्तर गुडघे टेकून कोटाची खालची कड दुमडत होते, तोंडात सात टाचण्या धरून. अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती!

"डॉक्टर, यांच्या पाठीवर गाठ आहे. लिंबाएवढी. त्यातून पाणी येतंय."

"उं! उंउं!" मास्तरांनी निकरानं विरोध केला. पण सात टाचण्या तोंडात असल्यावर माणूस फार काही बोलू शकत नाही. ते ताडकन उठायला गेले आणि तपासायच्या टेबलाची कड नेमकी पाठीत बसली.

गाठ फुटली. त्या वासाचं वर्णन न केलेलं बरं! नर्स खिडकी उघडायला धावली.

"हलू नका मास्तर!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"तुम्हीच हलू नका!" मास्तरांनी टाचण्या खाली थुंकल्या. "दुमड सुटेल!"

शेवटी एक बाही टाचलेली, एक लोंबती, अशा कोटातच बाईंनी गाठ कापून साफ केली. मास्तर पालथे पडून होते.

"साधी त्वचेतली गाठ दिसतेय, पिकलेली. तरी खात्रीसाठी तुकडा तपासायला पाठवते. पण इतके दिवस अंगावर का काढलंत?"

मास्तर उशीत तोंड घालूनच म्हणाले, "हिच्या आईच्या वेळेसारखं हिला पुन्हा दवाखान्याच्या बाकावर बसवायचं नव्हतं."

लेक खाली वाकली आणि विखुरलेल्या टाचण्या गोळा करू लागली. सातच होत्या, पण तिला बराच वेळ लागला.

तपासणीत काही निघालं नाही. गाठ खरंच साधी होती. उरलं ते रोज जखमेवर पट्टी बदलायचं काम. ते आपसूक लेकीकडे आलं. पहिल्या दिवशी शर्ट काढायलाच मास्तरांनी अर्धा तास घेतला. पट्टी लागल्यावर म्हणाले, "तिरकी लागलीय."

"तुम्हाला दिसतेय का?"

"कळतं मला."

तिनं काढून पुन्हा लावली. "आता डावीकडे ओढतेय." तिसऱ्यांदा लावली. चौथ्यांदा मास्तरांनी मागे न बघता तिच्या हातात शिंपीकामाचा पांढरा खडू दिला. "आधी खुणा कर. मग लाव."

तिनं मुकाट्यानं त्या हाडकुळ्या पाठीवर चार रेघा मारल्या. पट्टी अगदी चपखल बसली!

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी दिवा जवळ ओढला. भिंग घेतलं.

"मास्तर, हे पांढरे पट्टे कधीपासून आहेत?"

मास्तर छताकडे बघू लागले.

"सोमवारपासून," लेक म्हणाली. "ते माझे आहेत."