गेटपासावर गेलेली कपची

वाचकवर्गास सविनय कळविण्यात येते की, खाली एका लोखंडी कपचीचे कारखान्याबाहेर गमन व पुनरागमन यथामती वर्णिले आहे. त्यात पदरचे काही नाही. असलेच तर केवळ शोभेपुरते आहे.

पिंपरीच्या एका कारखान्यात, ज्याचे नाव मी सांगत नाही कारण मी अद्याप तेथेच कामास आहे, चौऱ्याहत्तर साली नियम निघाला की कंपनीचे लोखंड, आकाराने कितीही सूक्ष्म असो, गेटपासाविना बाहेर जाणार नाही. हेतू चोरी थांबविण्याचा होता. आम्ही टाळ्याही वाजविल्या.

त्याच सप्ताहात लेथ चालविणारे सांगवीचे चिमाजी यांच्या अंगठ्यात लोखंडाची कपची शिरली. दवाखाना रस्त्यापलीकडेच होता. मी सोबत निघालो. गेटवरील पहारेकरी साहेबराव यांनी तो अंगठा उन्हात धरून निरखिला.

"चिमाजीराव, आत लोखंड हाय."

"व्हय. म्हणून तर दवाखान्यात चाललोय."

"कुणाचं लोखंड?"

"कंपनीचं! घरून आणलंय व्हय मी?"

"मग गेटपास आणा. तुमी खुशाल जावा. लोखंड जाणार न्हाई."

आम्ही स्टोअरमध्ये गेलो. तेथील देवस्थळी साहेब अत्यंत सहृदय. त्यांनी अंगठा पाहून हळहळ व्यक्त केली व विचारले, "माल परत येणार की नाही?"

"परत आणून काय करू, साहेब?"

"परत येणार नसेल तर मोठ्या साहेबांची सही लागेल. ते सोमवारी येतील."

"सोमवारपर्यंत अंगठा राहील का?"

"अंगठा आमच्या खात्यात येत नाही."

अखेर परतीच्या बोलीवर पास मिळाला. त्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिले होते: 'लोखंडी कपची, नग एक, अंगठ्यासह. अंगठा कामगाराच्या मालकीचा.' तोवर अंगठ्याने वांग्याचे रूप धारण केले होते. डॉक्टरांनी कपची काढिली, पट्टी बांधिली आणि कपची काडेपेटीत घालून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाजी गेटवर हजर झाले. साहेबरावांनी पास मोठ्याने वाचला.

"'अंगठ्यासह.' ही तर काडेपेटीत हाय!"

"काढली डाक्टरनं. त्यासाठीच गेलो हुतो न्हवं?"

"माल जसा गेला तसाच आत आला पायजे. अंगठ्यात गेला, अंगठ्यात येऊ द्या."

"आन् न्हाई आणला तर?"

"तर माल बाहेर ऱ्हायला. चोरी. नोकरी जाईल, राव."

चिमाजींनी आशेने मागे वळून पाहिले. मागे सायकली धरून अवघी पहिली पाळी रांगेत उभी होती; त्यात मीही होतो. आता कामगारांचा संताप उसळणार, असे मला वाटले. तोच भोंगा वाजला, आणि खरोखर संताप उसळला.

"घाल की रं चिमाजी! एवढ्याशा कपचीपायी आमाला लेट करतो व्हय?"

पाठोपाठ सर्व सायकलींच्या घंट्या वाजू लागल्या.

चिमाजींनी काडेपेटीतून कपची काढून अंगठ्याच्या पट्टीत खोचली. "आता कसं बेस!" म्हणत साहेबरावांनी गेट उघडले.

वाचकहो, येथवर आपण साहेबरावांना आणि देवस्थळी साहेबांना हसत आलात, हे मी जाणतो. फक्त त्या सकाळी आपण रांगेत असतात, तर आपला अंगठा घंटीवर असता की नसता, एवढे पाहून ठेवावे.

वेळ खर्चून वाचल्याबद्दल आपला ऋणी,
मालोजी येळवंडे, मुक्काम निघोजे.