गार्डाचा डबा

बावणे काकांना नुसतं "कसे आहात?" विचारलं तरी ते खिशातून खडू काढत. एकटा जीव. चहासुद्धा ओट्यावर चौकोन आखून करत, दोन पाण्याचे, एक दुधाचा. तोवर पाणी आटून जाई.

मालगाडीचे गार्ड होते, दुर्ग लाईनवर. रिटायर झाल्यावर दुर्गजवळच्या मरोद्यातल्या आपल्या अंगणात आम्हा पोरांना गणित शिकवू लागले. शिट्टी वाजली की वर्ग सुरू, हिरवा रुमाल हलला की सुट्टी. गुणोत्तर आलं की फरशीवर मालगाडीच लागे.

"रमा आन् श्यामची बोरं, तीनास दोन. एकूण तीस. घाई नोको करू बे, पयले डबे जोड!"

रमाचे तीन चौकोन, श्यामचे दोन, सगळे एका मापाचे. पाच डब्यांत तीस, म्हणजे एकात सहा. रमाची अठरा, श्यामची बारा. उत्तर आलं तरी काका शेवटी एक चिमुकला चौकोन काढत.

"हा कोणाचा, काका?"

"गार्डाचा. त्याले मोजू नोको. पर त्याच्याबिना गाडी सुटत नाही."

आता सांगूनच टाकतो. सातवीच्या परीक्षेत मी नापास झालो. पेपरातलं गुणोत्तराचं गणित मी सोडवलंच नव्हतं. अभ्यास सोडून मी पावर हाउसच्या बाजारात भटकत होतो. बाबांनी पट्टी उचलली आणि मी बोलून गेलो, "काकांचा तो गार्डाचा डबा मोजल्या गेला." बाबा तडक अंगणात गेले. "पोट्ट्याचं वाटोळं केलं तुमच्या डब्यानं!" सगळी पोरं ऐकत होती. काकांनी खाली वाकून तळहातानं तो चौकोन पुसला. मी पुन्हा तिकडे फिरकलो नाही.

तीस वर्षांनी, परवा गेलो. काका वाकलेत, पण शिट्टी तीच. फरशीवर डबे होते. शेवटचा नव्हता.

"काका, तो डबा मी मोजलाच नव्हता. खोटं बोललो होतो."

"मालूम होतं. तुह्या मोजण्यात कधी चूक नोयती."

"मग बोलले कावून नाही?"

"बापानं तुले झोडलं असतं ना बे."

मी खडू घेऊन मालगाडीच्या शेवटी चौकोन काढला. एका मुलीनं विचारलं, "ये किसका है, दादाजी?"

काकांनी वाकून चौकोनाला वीत लावून पाहिली. मग मला म्हणाले, "इतकासा काढला? बसू कुठं मी?"