मॅडमनं ओळखायचं

आक्काचं बोलणं बंद होऊन पाच महिने झाले होते. एरवी तिच्या आवाजात कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नसे. आता ती भाकरीचे तुकडे ताटातच मोडून ठेवी आणि मागच्या दारात गोदामाच्या भिंतीसमोर जाऊन बसे. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, सगळं ठीक निघालं. नवरा तुळशीराम गेला तेव्हाही ती इतकी गप्प झाली नव्हती. शेवटी नात मृणालीनं नारपोलीतल्या एका समुपदेशक बाईंची वेळ घेतली.

"म्हंजे मी येडी झाली का?"

"नाही गं आजी. मनातलं बोलायचं, त्या ऐकून घेतात."

"गोळी?"

"गोळी नाही, सुई नाही. पाऊण तास नुसतं बोलणं. आणि एका दिवसात काही होणार नाही, पाच-सहा वेळा जावं लागेल."

आक्काला अशा बाबतीतला अनुभव एकच, भूतबाधा उतरवणाऱ्या भगताचा. तिथले नियम तिला पाठ होते. भगताकडे एकट्यानं जायचं नाही. पदरात घरचे मूठभर तांदूळ बांधून न्यायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तोंड उघडायचं नाही. दाणे बघून त्यानं सांगायचं काय झालंय ते. आपणच आधी सांगितलं तर भगत खरा की खोटा, हे कळणार कसं?

तेव्हा दापोड्याहून रिक्षा निघाली ती आक्का, तांदूळ आणि शेजारची ठमाबाई यांना घेऊन. ठमाबाईनं आपणहून एक लिंबूही घेतलं होतं.

वैशाली मॅडम मृणालीपेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं ठमाबाईला बाहेर बसवलं, आक्काला पाणी दिलं आणि म्हणाली, "इथे तुम्ही जे बोलाल ते या खोलीबाहेर जाणार नाही."

आक्कानं पदराची गाठ चाचपली.

"घाई नाही. वाटेल तेव्हा बोला."

आक्काला हे पसंत पडलं. चांगला भगतही आधी थोडा थांबतो. ती मॅडमच्या तोंडाकडे बघत बसली, मॅडम तिच्या तोंडाकडे. दहा मिनिटं गेली, वीस गेली. भिंतीपलीकडे कापडाचे लूम खडखडत होते. पोर नवीन दिसते, आक्काला वाटलं, हिला आठवण करून द्यायला हवी. तिनं पदराची गाठ सोडली, तांदूळ टेबलावर ओतले आणि बोटानं पुढे सरकवले.

"हे काय?"

"बघा."

मॅडमनं मनापासून बघितलं. दोन दाणे तळहातावर घेतले. काय बोलावं ते तिला सुचेना, म्हणून जे सुचलं ते म्हणाली, "छान आहेत. घरच्या शेतातले का?"

आक्काच्या अंगावर सर्रकन काटा आला. ओळखलं!

"घरचा कुठला," ती म्हणाली आणि पाच महिने अडलेला आवाज एकदम फुटला. "दुकानचा हाय. शेत दिलं ना गोदामाला, तीन वर्सं झाली."

"शेताची आठवण येते?"

"शेताची कनाला येल? गुडघाभर चिखल नुसता! धाकली न्हाय येत आता. दोन पावसाळं वाट बघितली, औंदा आस सुटली."

धाकली डोंगरापायथ्याच्या पाड्यावरची. आक्काच्या शेतात एकतीस वर्षं लावणीला यायची. दोघी शेजारीशेजारी वाकून रोपं लावायच्या आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत भांडायच्या. तुझी ओळ वाकडी, तुझी रोपं उथळ. नवऱ्यांची उणीदुणी निघत, सासवांची निघत. संध्याकाळी पाठ मोडलेली असे, पण मन कसं हलकं झालेलं असे.

"मग भेटत का नाही?"

"निरोप धाडल्याबिगर ती येत न्हाय. मानी हाय. आनि मी काय म्हनून बोलवू? शेत न्हाय, काम न्हाय."

मॅडमनं कोपऱ्यातली रिकामी खुर्ची ओढली. "ती आत्ता इथे बसलेली असती, तर तिला काय म्हणाला असतात?"

आक्का खुर्चीकडे वळली. मग कडाडली, "अगो सटवे! कुठं उलथलीस? मी इथं कुनाशी भांडू?"

दाराला कान लावून बसलेली ठमाबाई याचीच वाट बघत होती. आक्काच्या अंगात आलं! ती लिंबू उगारून धाडकन आत शिरली आणि खुर्चीसमोर उभी राहिली.

"कोन हायस? काय पायजे तुला? सोड माज्या आक्काला!"

"ठमे, धाकली हाय ती!"

"धाकली? कवा मेली?"

"मेली न्हाय गो!"

ठमाबाईनं लिंबू खाली घेतलं. "जित्या मानसाला खुर्चीत कनाला बोलवतंस मग? घरी बोलव की!"

मॅडमनं घड्याळाकडे पाहिलं. "वेळ संपली," ती म्हणाली. "मला यांच्याइतकं थोडक्यात सांगता आलं नसतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मृणालीनं धाकलीच्या भाच्याचा, किशनचा, नंबर मिळवला.

"काय निरोप देऊ?"

"लावनीला ये म्हनाव."

"अगं, पण शेत कुठंय?"

"मना दुसरा निरोप येत न्हाय. तू सांग."

पाड्यावर निरोप पोचून धाकली यायला दोन दिवस तरी लागतील, असा आक्काचा हिशेब होता. पण दहा मिनिटांत मागच्या दाराची कडी वाजली. निळा कोट घातलेली, गळ्यात कार्ड अडकवलेली धाकली दारात उभी होती. केस पांढरे झालेले, नाकातली चमकी तीच.

"इतक्यात कशी आलीस?" आक्कानं विचारलं.

"चालत. किसनचा फोन आला. जेवनाची सुट्टी हाय."

"कसली सुट्टी?"

"तुज्याच शेतावरल्या गोदामात झाडू मारते. दोन वर्सं झाली. कंपनीची गाडी पलीकडच्या गेटातून नेते-आनते."

गोदामाच्या भिंतीच्या अलीकडे आक्का बसलेली, पलीकडे धाकली केर काढत असलेली. दोन वर्षं. आक्काचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी तिला संताप आला.

"आनि येवढ्याजवळून एकदा डोकवावंसं वाटलं न्हाय तुला?"

"बोलावलंस कवा? न बोलावता मी कंदी आलेली का तुज्या दारात?" धाकलीनं कमरेवर हात ठेवले. "आनि निरोप काय धाडतंस, लावनीला ये! लादी हाय तिथं. मीच पुसते."

मृणाली दारामागून बघत होती. आजी हसते आहे की रडते आहे, हे तिला नीट कळेना.

धाकलीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "ईस मिन्टं ऱ्हायली. भांडतंस का जेवतंस?"

"दोनी," आक्का म्हणाली आणि तिनं दोन ताटं घेतली.