साडेचार व्होल्टचा बा

अक्कांच्या पहिल्या स्मृतिदिनाचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आठवड्यावर आला असताना टेपरेकॉर्डरचा अडॅप्टर जळाला. तो असा जळाला, की मुक्ताबाईंनी खिडकीतून शेजारणीला "तुमच्यात काय करपलं का गं?" असं विचारलं, आणि मग आपल्याच बैठकीतून धूर येताना पाहून मुकाट्याने खिडकी लावून घेतली.

अक्का म्हणजे मुक्ताबाईंचे पती तात्याराव गुरुजी यांची थोरली बहीण, कोंडाबाई. आई लवकर गेल्यामुळे गुरुजींना तिनेच वाढवलं होतं. वर्षापूर्वी ती गेली आणि मागे एक कॅसेट राहिली. फार पूर्वी गुरुजींनी तिला जळकोटच्या घरी जात्यापुढे बसवून तिच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. तिचा आवाज जगात दुसरीकडे कुठेही नव्हता. आणि गुरुजी तर भावकीत सगळ्यांना फोन करून बसले होते, "रविवारी या. अक्का सोता गाणार हाय." हे ऐकून दोघातिघांनी फोन ठेवला आणि गुरुजींची तब्येत बरी आहे ना, हे मुक्ताबाईंना वेगळं विचारून घेतलं.

गुरुजींच्या तोंडी असलं वाक्य शोभणारं नव्हतंच. निवृत्तीनंतर धाराशिवच्या आसपासच्या गावांत जाऊन 'भूत दाखवा' या विषयावर भाषणं देणारा हा माणूस. त्यांच्या घरात भूत या शब्दाला बंदी होती. रिकाम्या स्वयंपाकघरात भांडं पडलं, बंद कपाटाचं दार वाजलं, तर ते उंदराने केलं असं म्हणायचं. त्या घरात जे कुणाला कळत नसे ते सगळं वर्षानुवर्षं उंदरांच्या नावावर जमा होत आलं होतं.

"बाबा, तुमी काळजी करू नका," बुद्धघोष म्हणाला. "म्या करतो बंदोबस्त."

काळजी खरं तर तिथूनच सुरू व्हायला हवी होती. गुरुजींचा हा मुलगा कोर्टात लिपिक होता आणि संध्याकाळी घरी इलेक्ट्रॉनिक्सचे प्रयोग करायचा. त्याने बसवलेली दारावरची घंटा कुणी नसतानाही वाजायची. पाण्याची टाकी भरली की ओरडणारं यंत्र फक्त आभाळ आलं की ओरडायचं. त्याची बायको दीक्षा तर त्याने हात लावलेल्या कुठल्याही वस्तूला चप्पल घातल्याशिवाय शिवत नसे.

या वेळी त्याने स्टेप डाऊन कन्व्हर्टर मागवला. बोटाच्या दोन पेरांएवढी निळी पाटी, तिच्यावर तांब्याच्या तारेचं वेटोळं, लाल आकड्यांची बारकी काच आणि एक पितळी स्क्रू. एका बाजूने जुन्या स्कुटीच्या बॅटरीचे बारा व्होल्ट आत घालायचे, दुसऱ्या बाजूने पाहिजे तेवढेच घ्यायचे. नळाची तोटी फिरवावी तसा स्क्रू फिरवला की वीज कमी-जास्त होई. टेपरेकॉर्डरला सहा व्होल्ट लागत.

अडचण एकच होती. मोटरीचा वेग एकसारखा ठेवणारा त्या टेपमधला भाग केव्हाच निकामी झाला होता. त्यामुळे जेवढी वीज तेवढा वेग, आणि जसा वेग तसा आवाज. हे बुद्धघोषला माहीत होतं. त्याने ते बाकीच्यांना सांगितलंही, पण शास्त्र सांगताना तो इतका रंगून जाई की ऐकणारे आपापल्या कामाला लागत.

पहिली चाचणी झाली तेव्हा दिवेलागणीची वेळ होती आणि लाईट गेली होती. बैठकीत अंधारून आलेलं, आणि त्यात फक्त ते लाल आकडे, ६.०. बुद्धघोषने बटण दाबलं. खरखर झाली, जात्याची घरघर आली आणि एक लहान मुलगी गायला लागली.

"जात्याच्या गं पाळूवरी, पीठ पडे झरझर, भीमाच्या गं पुस्तकानं, उजळलं माझं घर..."

सातआठ वर्षांची असावी. कोवळी, आणि घाईत असलेली. बाहेर भुंकणारं कुत्रं गप्प झालं.

"ही कोन पोरगी?" दीक्षाने विचारलं.

हे उंदरावर घालता येण्यासारखं नव्हतं.

"व्होल्ट जास्त झालं," बुद्धघोष म्हणाला, पण त्याचाही आवाज जरा बारीकच आला होता. त्याने स्क्रू उलटा फिरवायला घेतला. त्या स्क्रूचा स्वभाव विचित्र होता. कितीतरी फेरे काहीच होत नसे आणि मग एकदम आकडा सरके. आवाज उतरत गेला. मुलीची बाई झाली, बाई प्रौढ झाली. आणि एके ठिकाणी मुक्ताबाईंचा हात आपोआप डोक्यावर गेला. त्यांनी पदर ओढला आणि पाय आखडून बसल्या.

"आई, काय झालं?" दीक्षाने विचारलं.

"त्याच हाईत," मुक्ताबाई कुजबुजल्या. "आता इच्यारतील, भाकरी का करपली म्हनून."

"हॅट्!" गुरुजी म्हणाले. "अक्का इतकी कडक कवा बोलली? आनखी खाली घे. तिचा आवाज मऊ हुता."

"तुमच्यासाठी मऊ. मला इच्यारा की."

नवरा-बायकोची अशी जुंपली. आवाज एकच, पण दोघांना त्यात वेगवेगळी माणसं ऐकू यायची. बुद्धघोषने वडिलांचा मान ठेवून स्क्रू आणखी पिळला आणि नेमका तो स्क्रू एकदम सरकला. ओवी संपली होती आणि टेपमधली अक्का आता कुणाशी तरी बोलत होती. पण हा अक्काचा आवाज नव्हता. तो एका पुरुषाचा होता. जड आणि खालून आलेला, विहिरीत उतरून कुणी बोलावं तसा.

"तात्याऽऽ... झालं का रंऽऽ... तुझ्या मागंऽऽ... कोन उभं हायऽऽ?"

चौघांनीही मागे पाहिलं. मागे भिंत होती आणि भिंतीवर अंधार होता.

बाकीच्यांनी पुढे पाहिलं तर गुरुजी उभे राहिले होते. सत्तरीच्या या माणसाने हातातली तंबाखूची चिमूट गुपचूप खिशात टाकली होती आणि ते शाळेत उभं करतात तसे ताठ उभे होते.

"बा..." ते म्हणाले.

बुद्धघोषने झटकन तार ओढली. लाल आकडा विझताना ४.५ होता.

"बाबा, ते व्होल्ट कमी झालं म्हनून—"

"कळतंय मला!" गुरुजी ओरडले. "मला शिकवू नको. तवा मागं मुक्ता चहा घिऊन आली हुती, म्हनून अक्कानं इच्यारलं. साधी गोष्ट हाय."

"म्या न्हवते," मुक्ताबाई म्हणाल्या. "म्या तवा म्हायेरी हुते. बाळंतपनाला."

लाईट आली तेव्हा सगळ्यांनाच फार बरं वाटलं, आणि तसं कुणी दाखवलं नाही.

बुद्धघोषने मग मुक्ताबाईंचा पदर जिथे डोक्यावर गेला होता तिथे स्क्रू नेऊन ठेवला आणि टेप कपाटावर झाकून ठेवला. रविवारपर्यंत कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. हे ठरवताना गुरुजी सगळ्यांत मोठ्याने हो म्हणाले.

पण गुरुजींच्या मनातून ते साडेचार व्होल्ट जाईनात. त्यांचा बा ते लहान असतानाच गेला होता. दुसऱ्याच्या रानात राबणारा माणूस. त्याचा फोटो नव्हता, सही नव्हती, काहीच नव्हतं. चेहरासुद्धा आता नीट आठवत नव्हता. आठवत होता तो फक्त आवाज, आणि तोही इतका पुसट की खरा की मनाने रचलेला हे सांगता येत नव्हतं. आणि परवा तो आवाज त्यांच्याच बैठकीत बोलून गेला होता. तो बाचा नव्हे हे त्यांना पक्कं माहीत होतं. माहीत असण्याचा उपयोग झाला नाही, एवढंच.

रोज संध्याकाळी बायका भाजीला गेल्या की ते कपाटावरून टेप काढत आणि चष्म्याच्या बारक्या स्क्रूड्रायव्हरने तो पितळी स्क्रू पिळत. दार लावून, मांडीवर हात ठेवून ऐकत बसत. बा गायचा आणि बा "तात्या" म्हणून हाक मारायचा. मग ते पुन्हा स्क्रू जागेवर आणत, कपाळावरचा घाम पुसत आणि बाहेर येऊन वर्तमानपत्र वाचत. एकदा ते उलटं धरलं होतं, ते दीक्षाने पाहिलं आणि नीट करून दिलं.

रविवारी सकाळी मंडप भरला. जळकोटहून भावकी आली, पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे, मेणबत्त्या, पुढे तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आणि त्याखाली अक्कांचा फोटो. शेजारचे शंकरप्पाही कोपऱ्यात येऊन बसले होते. ते मूळचे जळकोटचेच, गुरुजींपेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, आणि बायको गेल्यापासून एकटेच राहणारे. गुरुजी पहाटे सगळ्यांच्या आधी उठले होते आणि 'एकदाच' म्हणून टेप लावून बसले होते. तेवढ्यात पहिली जीप दारात आली. गुरुजींनी घाईघाईने तार काढली आणि तसेच बाहेर धावले.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. गुरुजी माईकपुढे उभे राहिले. "माणूस गेला की जातो," ते म्हणाले. "मागं उरतं त्याचं काम. बाकी काय उरत न्हाय. आता अक्काच्या ओव्या ऐकू." बुद्धघोषने टेपपुढे माईक धरला आणि बटण दाबलं.

भोंग्यातून त्यांचा बा गायला लागला.

सगळ्या मंडपावर तो आवाज पसरला. अक्कांच्या हसऱ्या फोटोखालून एक म्हातारा पुरुष रेंगाळत जात्यावरची ओवी गात होता. बायकांनी पोरं मांडीवर ओढून घेतली. मेणबत्त्यांच्या ज्योती वाऱ्याने एका बाजूला झुकल्या आणि तो वारासुद्धा कुणाला वारा वाटला नाही. आणि मग आवाज थांबून बोलला, "तात्याऽऽ... तुझ्या मागंऽऽ... कोन उभं हायऽऽ?"

अख्ख्या मंडपाने मान वळवली. गुरुजींच्या मागे चहाचा ट्रे घेऊन दीक्षा उभी होती. दोनशे डोळे एकदम अंगावर आल्यावर तिने ट्रे सोडून दिला. कपबश्या फुटल्या, एक म्हातारी किंचाळली, आणि कोपऱ्यात शंकरप्पा हात जोडून उभे राहिले.

"गुरुजी," ते म्हणाले, "ह्यो तुमच्या वडलांचा आवाज हाय. म्या वळखतो. त्यांच्या हाताखाली म्या बैल हाकलेत."

कुजबुज वाढली. "भूत न्हाई म्हनत हुते की ह्ये," कुणीतरी मागून म्हणालं. गुरुजी माईकपुढे घामाघूम उभे होते. गप्प राहिले असते तर उद्या साऱ्या तालुक्यात त्यांच्या बाचं भूत फिरलं असतं आणि त्यांची आजवरची सगळी भाषणं मातीत गेली असती. बोलायचं तर मग सगळंच बोलावं लागणार होतं.

"ऐका," ते म्हणाले. "ह्यो माझा बा न्हाय. हे साडेचार व्होल्ट हाईत."

त्यांनी तो पितळी स्क्रू बोटाने दाखवला.

"वीज कमी दिली की टेप हळू फिरतो आन आवाज जड येतो. ह्या स्क्रूनं वीज कमी हुते. स्क्रू कुनी भुतानं फिरवला न्हाय. म्या फिरवला."

"कशापायी?" पुढे बसलेल्या एका चुलत्यांनी विचारलं.

"बाची आठवन आली," गुरुजी म्हणाले, आणि माईक बाजूला केला.

बुद्धघोष पुढे सरकला, डोळे आईवर ठेवून हळूहळू स्क्रू फिरवत राहिला, आणि मुक्ताबाईंनी भर मंडपात डोक्यावरून पदर घेतला तिथे थांबला. अक्का गायला लागल्या. बायका रडल्या, दोघींनी ओवीत ओवी मिसळली. कार्यक्रम चांगला झाला असंच सगळे म्हणत गेले.

उन्हं उतरली तेव्हा भावकी परतली होती. मंडपवाले बांबू काढत होते. शंकरप्पा मात्र बैठकीत बसून होते. बराच वेळ पंच्याशी चाळा करून ते म्हणाले, "गुरुजी, एक इच्यारू? स्क्रू उलट्या अंगानं फिरवला तर आवाज बारीक हुतो म्हनं."

"हुतो की."

"आमची नागम्मा लई बारीक आवाजाची हुती. कानडी मुलखातली, आळंदकडची." त्यांनी मान खाली घातली. "तिचं काय भरून ठिवलं न्हाय म्या."

बुद्धघोषने वडिलांकडे पाहिलं. आता भाषण होणार, हे उघड होतं. गुरुजी उठले. त्यांनी आधी दार लावलं, मग खिडकी लावली, आणि चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर खिशातून काढला.

आवाज चढत गेला. अक्का तरुण झाल्या, मग अक्का राहिल्याच नाहीत. अंधारत चाललेल्या त्या खोलीत दुसरीच एक बाई गात होती, बारीक, गोड, जरा नाकातून. शंकरप्पांनी डोळे मिटले. "हां," ते म्हणाले. "बास. हितंच ऱ्हाऊ द्या."

कॅसेट या वेळी शेवटापर्यंत गेली. तिथवर आजपर्यंत कुणी ती ऐकलीच नव्हती. ओव्या संपल्या, जातं थांबलं, आणि ती बाई दमून म्हणाली, "बास झालं आता. जेवला का न्हाय तुमी?"

"ऊट आयतु," शंकरप्पा कानडीत पटकन म्हणाले. "जेवलो, जेवलो."

टेप खट्कन बंद पडला. गुरुजींनी शंकरप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"शंकरप्पा, ती आमची अक्का हाय."

"ठावं हाय मला," शंकरप्पा डोळे न उघडता म्हणाले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मुक्ताबाई आल्या आणि वाढलेलं ताट त्यांनी शंकरप्पांपुढे ठेवलं. "सकाळधरनं पोटात कण न्हाय तुमच्या," त्या दटावून म्हणाल्या. "तिला खोटं कशाला सांगताव? बसा, जेवा आदुगर."